परदेशी विद्यादान आणि घरचा संसार

(महोत्सवानिमित्त देवपूर येथे पालक व शिक्षक ह्यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आजच्या सायंकाळी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. आपल्या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास माझ्यापेक्षा अधिक अधिकारी वक्ते आपणांस सांगणार आहेत. त्यांच्या शेतात मी नांगर घालू इच्छीत नाही. मी एक व्यावहारिक विषय निवडला आहे. कोणी धाकटा गुरुजी अथवा बाई मजकडे येतात, दार लोटून घेतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "फादर, बाहेरदेशी इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळते आहे, पगार फार नाही, पण बायकोमुलांना घेऊन जावे म्हणतो. आपले मत काय?" हा प्रश्न आता इतक्या घरांतून निघू लागला आहे की प्रत्येकास वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांसमक्ष एकदाच मोकळेपणाने बोलावे हे मला बरे वाटले. आज प्रवचन नाही. पालकसभा आहे असेच आपण समजावे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की जाणारा मनुष्य चैनीसाठी जात नाही. बी.एड. होऊन, वर पदव्युत्तर परीक्षा देऊन आमचे तरुण विनाअनुदानित शाळांतून तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबतात. ज्यांस सरकारमान्य शाळेत जागा मिळते त्यांनाही आरंभीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. ह्या सेवकांचे मानधन पुष्कळ वर्षे सहा, आठ व नऊ हजार रुपयेच होते. २०२३ पासून ते अनुक्रमे सोळा, अठरा व वीस हजार झाले, ही गोष्ट समाधानाची असली तरी धुळ्यात घरभाडे देऊन दोन मुलांस शिकविणाऱ्याला त्यात काय उरते हे आपण जाणताच. अशा स्थितीत मालदीवचे, आखाताचे वा पूर्वेकडील एखाद्या देशाचे नेमणूकपत्र हाती आले म्हणजे त्या घरात दिवाळी व नाताळ एकदमच येतात. त्या आनंदावर पाणी ओतणे हा माझा हेतू नाही. माझे म्हणणे निराळे आहे.

ते असे. अल्प वेतनावर सहकुटुंब परदेशी जाणाऱ्या शिक्षकास भाकरीची चिंता वाटते, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु भाकर बहुधा मिळते. मिळत नाही तो अधिकार. जो दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या कृपेने राहतो, त्याच्या मुलांविषयी बोलण्याचा हक्क हळूहळू त्या दुसऱ्यास प्राप्त होतो. आणि कोणाच्या मनात पाप नसतानाही तो प्राप्त होतो. ज्याने जन्मात कधी किराण्याची यादी केली नाही अशा ब्रह्मचारी मनुष्याने संसाराचा हिशेब सांगावा ह्याचे आपणांस हसू येईल; ते येऊ द्या. मी जे सांगणार आहे ते माझ्या अनुभवाचे नसून आपल्याच महाराष्ट्रातील एका विदुषीच्या अनुभवाचे आहे.

ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा पंथ आपला कॅथलिक पंथ नव्हे हे सर्वांस ठाऊक आहे, आणि आज त्याची चर्चा करण्याचे प्रयोजनही नाही. १८५८ मध्ये जन्मलेल्या ह्या बाईने आईबाप दुष्काळात गमावले, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह केला, आणि १८८२ च्या आरंभी पतीही गमावला. पदरी मनोरमा नावाची वर्षाच्या आतली मुलगी. त्या पुण्यास आल्या, स्त्रियांची सभा स्थापिली, आणि वैद्यकी शिकण्यासाठी विलायतेस जावे असा त्यांनी निश्चय केला. पैसा कोठला? 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक त्यांनी लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. १८८३ च्या एप्रिलात मुंबईहून त्यांचे जहाज निघाले तेव्हा मनोरमा नुकती दोन वर्षांची झाली होती आणि सोबतीस आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती.

आता ह्या बाईंनी तेथे पोट कसे भरले ते पाहा. भिक्षेवर राहावयाचे नाही असा त्यांचा बाणा होता. इंग्लंडातील वाँटेज गावी अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींचा मठ होता. त्या भगिनींची एक शाखा पुण्यात काम करीत असे. इकडे येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात आपले व मुलीचे अन्नवस्त्र व राहण्याची सोय घ्यावयाची, असा करार ठरला. म्हणजे आपल्या तरुणांप्रमाणेच भाषा शिकविणे हीच त्यांची शिदोरी होती. भेद एवढाच की त्यांनी शिकविली मराठी, आणि इंग्रजी त्या स्वतःच तेथे शिकत होत्या. पुढे कानांचा दोष आड आल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. तेथे गणित, शास्त्रे व इंग्रजी वाङ्मय शिकावयाचे आणि संस्कृत शिकवावयाचे, असा दुहेरी क्रम चालला. महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील ह्यांनी रमाबाईंची योग्यता ओळखली होती.

इथवर ही कथा धाडसाची व यशाची आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत ती बहुधा इथवरच सांगितली जाते. परंतु घरची बाजू पाहिली म्हणजे चित्र पालटते. मैत्रीण आनंदीबाई त्याच वर्षी तेथे वारली. तिने स्वतःच जीव दिला. परक्या मुलखात दोघींपैकी एक उरली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सप्टेंबर १८८३ मध्ये, रमाबाईंनी व मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमला शिकविण्यात गुंतल्या आणि लहानग्या मनोरमेचे पालनपोषण पुष्कळ अंशी वाँटेजच्या भगिनींच्या हाती आले. भगिनी प्रेमळ होत्या. सिस्टर जेराल्डिन ह्यांनी त्या मुलीवर माया केली ह्यात संशय नाही. पण मुलीने काय खावे, कोणत्या प्रार्थना म्हणाव्या, कोणता धर्मसिद्धांत पाठ करावा, ह्या प्रत्येक गोष्टीवर आई व भगिनी ह्यांच्यात पत्रांची चकमक उडू लागली. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडेही त्यांना वर्ज्य होते. भगिनींना त्यात जातीचा ताठा दिसला. त्रैक्याविषयीचा सिद्धांत आपल्या बुद्धीस पटला नसताना तो मुलीच्या मुखी घालू नये, असे आईचे म्हणणे. बाप्तिस्मा घेतलेल्या मुलास श्रद्धा शिकविणे हे आपले कर्तव्य, असे भगिनींचे. हा सर्व पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन ह्यांनी जपून ठेविला होता. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. ज्यांस इंग्रजी वाचता येते त्यांनी तो अवश्य वाचावा.

मी धर्मगुरू आहे. त्रैक्याच्या सिद्धांतापुरते बोलावयाचे तर मी भगिनींच्या बाजूस आहे, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही. तरीही ती पत्रे वाचताना माझे मन आईकडेच झुकते. ज्या घरी आपली मुलगी जेवते, निजते, आजारपणात जिच्या उशाशी त्या घरची माणसे बसतात, त्या घराला 'माझ्या मुलीस हे शिकवू नका' असे लिहिताना त्या बाईचा हात किती जड झाला असेल! आणि वाद केवळ मुलीपुरता राहिला नाही. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी त्यास हरकत घेतली. हिंदी स्त्रीने पुरुषांस शिकविले तर मायदेशी तिच्या नावास बाध येईल असे त्यांस वाटले. ह्या बाईंनी कलकत्त्यास पंडितांच्या सभेत परीक्षा देऊन 'पंडिता' ही पदवी मिळविली होती! त्या रागावल्या, आणि त्यांचे रागावणे मला योग्य वाटते. परंतु वेतन ज्यांच्याकडून यावयाचे, मत विचारावयाचे तेही त्यांचेच. १८८६ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी ग्रंथ लिहिला, व्याख्याने दिली, निधी जमविला आणि १८८९ मध्ये मुंबईस परत येऊन शारदा सदन उघडले. तेव्हापासून त्यांचे घर त्यांचे स्वतःचे झाले. मनोरमा पुढे त्याच शारदा सदनातील शाळेची धुरा वाहणारी शिक्षिका झाली, हेही सांगितले पाहिजे. मुलीचे अकल्याण झाले नाही.

रमाबाईंना पर्याय नव्हता. आपणांस काही अंशी तरी आहे, म्हणून ही कथा मी इतक्या विस्ताराने सांगितली. नेमणूकपत्र आले की आपण पगाराचा आकडा पाहतो. त्याच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात: राहावयाचे घर कोणाचे, आणि मुले कोणत्या शाळेत व कोणाच्या खर्चाने शिकणार. शाळेनेच घर दिले असेल तर नोकरी गेली त्या दिवशी छप्परही गेले. मुलांस त्याच शाळेत सवलतीने प्रवेश असेल तर ती सवलत ही दयेची गोष्ट आहे की करारातील, हे लेखी पाहून घ्यावे. तोंडी दिलेला शब्द समुद्र ओलांडीत नाही.

सर्वांनीच सर्व कुटुंब नेले असे नाही. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी, पालीचे प्रकांड पंडित, १९१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठी पुन्हा अमेरिकेस गेले तेव्हा त्यांनी थोरली कन्या माणिक व पुत्र दामोदर ह्यांस बरोबर नेले. दामोदर तेथील शाळेत शिकला. पुढे तो केवढा गणिती व इतिहासकार झाला हे विद्वानांस सांगावयास नको. मुलांस मिळालेल्या शिक्षणाचे सर्वजण कौतुक करतात. जे मागे राहिले त्यांच्याविषयी चरित्रकार थोडक्यातच लिहितात. आपल्यातही असे अर्धे कुटुंब तिकडे व अर्धे इकडे ठेवण्याचा मार्ग पुष्कळजण पत्करतात. तो निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही. वर्षभरासाठी तो शहाणपणाचाही असतो. एकट्याने आधी जावे, घर पाहावे, शाळा पाहावी, दोन पगार हाती घ्यावेत, मग बाकीच्यांस बोलवावे. पण हे 'वर्ष' सहा वर्षांचे झालेली घरे मी पाहिली आहेत, आणि तेथे बापाला मुलांची इयत्ता आठवावी लागते.

याउलट, परक्या देशात राहूनही मुलांचे संगोपन आपल्या हाती ठेवणाऱ्या लोकांचे उदाहरणही आपल्याच बांधवांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत रेल्वे पडू लागली तेव्हा गोव्याचे कॅथलिक लोक कारकून, शिंपी, आचारी म्हणून तिकडे गेले. १९०० मध्ये नैरोबीस पोहोचलेले डॉक्टर रोझेंदो आयरिश रिबेरो हे झेब्र्यावर बसून रोगी पाहावयास जात, ही गोष्ट आता दंतकथेसारखी वाटते पण खरी आहे. ह्या वसाहतीने मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. डॉक्टरांनी मोठी देणगी दिली आणि शाळेस त्यांचे नाव पडले. तेथे शिकविण्यासाठी गोव्याहून व मुंबईहून शिक्षक गेले. शिक्षण इंग्रजीतून होई, पण शाळा समाजाची होती. शिक्षकाचा पगार थोडाच, परंतु त्याच्या मुलास कोण काय शिकवितो हा प्रश्न त्याला सतावीत नसे. शेजारी, चर्च, शाळा, क्लब, सर्व ओळखीचे. अल्प उत्पन्नात प्रतिष्ठेने राहण्याची ती एक रीत होती, आणि ती मला फार मोलाची वाटते.

परंतु त्या लोकांसही एका वस्तूने दगा दिला. ती वस्तू म्हणजे पासपोर्ट. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. १९६७ मध्ये तेथे परकीयांस कामाचा परवाना सक्तीचा झाला. ब्रिटिश पासपोर्टवाले इंग्लंडकडे धावू लागले तेव्हा १९६८ मध्ये इंग्लंडने कायदा करून दार आवळले. पोर्तुगीज कागदपत्रे बाळगणाऱ्या गोमंतकीयांची त्याआधीच, १९६१ नंतर, वेगळी पंचाईत झाली होती. आणि १९७२ च्या ऑगस्टात युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांस नव्वद दिवसांची मुदत दिली. तीस तीस वर्षे त्या देशात राहिलेली माणसे एका पेटीनिशी निघाली. आज आपण जेथे जाता तेथील परवाना किती वर्षांचा, तो कोणाच्या नावावर, नोकरी सुटल्यावर किती दिवसांत देश सोडावा लागतो, हे विचारणे म्हणजे भित्रेपणा नव्हे.

आता आजच्या देशांकडे वळतो. प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते, कारण ती ऐकून आमच्या शिक्षकांचा विरस होतो. इंग्रजी शिकविण्याच्या बाजारात भाषेपेक्षा पासपोर्टास भाव अधिक. दक्षिण कोरियाच्या शाळांत इंग्रजी शिकविण्याचा परवाना मुळात अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका ह्या सातच देशांच्या नागरिकांस मिळत असे. भारताशी झालेला आर्थिक करार २०१० मध्ये अंमलात आला तेव्हा भारतीय शिक्षकास इंग्रजीचा साहाय्यक म्हणून ते दार उघडले, तेही शिक्षकाचे प्रमाणपत्र असेल तर. आणि बरोबर नेलेल्या पत्नीस वा पतीस तेथे काम करता येत नाही. इंग्लंडाची तर मौज आहे. २०२३ मध्ये त्यांनी भारतासह काही देशांतील शिक्षकांस आपल्या शाळांत मान्यताप्राप्त शिक्षक होण्याचा मार्ग मोकळा केला. पण तो गणित, विज्ञान आणि परभाषा शिकविणाऱ्यांसाठी. इंग्रजी शिकविण्यासाठी नव्हे! त्यांचे एका परीने खरेच आहे.

परंतु माझे मत विचाराल तर आमच्या खानदेशी शिक्षकास इंग्रजी शिकविण्याची जी हातोटी असते ती जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यास क्वचितच असते. घरी अहिराणी, शाळेत मराठी, स्टेशनावर हिंदी, आणि पुस्तकातून घाम गाळून मिळविलेली इंग्रजी. परकी भाषा कोठे अडते, कोणता शब्द घशात अडकतो, हे त्याला स्वतःच्या जिभेने ठाऊक असते. मालदीवच्या एखाद्या बेटावरील मुलास असा शिक्षक अधिक उपयोगी. भूतानचा अनुभवही हेच सांगतो. कॅनडाचे जेझुइट धर्मगुरू विल्यम मॅकी १९६३ मध्ये त्या देशाच्या निमंत्रणावरून तेथे गेले आणि १९९५ मध्ये तेथेच वारले. धर्मप्रसाराची मुभा नव्हती, शिक्षक म्हणूनच राहावयाचे होते, आणि ते तसेच राहिले. त्यांच्यापाठोपाठ डोंगराडोंगरांतील शाळा चालविल्या त्या मोठ्या संख्येने भारतीय शिक्षकांनी, विशेषतः केरळच्या. भूतानमध्ये आपणांस व्हिसा लागत नाही, तेथील नाणे रुपयाच्या बरोबरीचे आहे, त्यामुळे हुंडणावळीत काही जात नाही; तसेच काही वाढतही नाही. फादर मॅकींना मात्र बायकोमुले नव्हती. आम्हा लोकांस धाडस स्वस्त पडते.

मालदीवविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्याकडे चौकशी त्याचीच फार. सुमारे बाराशे बेटांपैकी दोनशेच्या आतबाहेर बेटांवर वस्ती. शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून. म्हणून भारतीय शिक्षक तेथे दीर्घकाळ जात आले आहेत. राजधानी माले येथे नेमणूक झाली तर घरभाडे डोळे पांढरे करणारे; दूरच्या बेटावर झाली तर भाजीपाला, औषध, डॉक्टर ह्यांसाठी होडीची वाट पाहावयाची. मिळालेला पैसा स्थानिक नाण्यात असतो; तो डॉलरमध्ये बदलून घरी धाडताना अडचणी येतात, हे आधी गेलेल्यांस विचारून घ्यावे. आणि आपल्या दृष्टीने एक गोष्ट विसरू नये. त्या देशात इस्लामखेरीज इतर धर्माची सार्वजनिक उपासना करता येत नाही. देऊळ नाही, मिस्सा नाही. घराच्या चार भिंतींत जी प्रार्थना होईल तेवढीच. मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराचे वय असेल तर आईबापांनी ह्याचा विचार निघण्यापूर्वी करावा. जाऊ नका असे मी म्हणणार नाही, परंतु सुटीत आल्यावर दोन आठवड्यांत सर्व शिकवून द्या असे म्हणत कृपया माझ्याकडे येऊ नका.

आखातातील अमिरातींत ही अडचण नाही. दुबईचे सेंट मेरीज देऊळ, अबुधाबीचे सेंट जोसेफ देऊळ भक्तांनी भरलेले असते. कोंकणीतही मिस्सा ऐकावयास मिळते. तेथे हिशेबाची अडचण वेगळी. २०१९ च्या निर्णयाप्रमाणे कुटुंबास आपल्या जबाबदारीवर बोलविण्यासाठी महिना चार हजार दिरहम, अथवा तीन हजार दिरहम व राहण्याचे घर, इतके तरी उत्पन्न असावे लागते. आजच्या भावाने चार हजार दिरहम म्हणजे नव्वद हजार रुपयांच्या वर. देवपुरात बसून हा आकडा ऐकला म्हणजे मनुष्य हर्षाने उठून उभा राहतो. पण तेवढ्याच चार हजारांत तेथे घरभाडे द्यावयाचे आहे, आणि ते पुष्कळदा काही महिन्यांचे आगाऊ. शाळेची फी सत्राच्या आरंभी. शिवाय वर्षातून एकदा चौघांची तिकिटे. कायद्याने कुटुंब आणता येते ह्याचा अर्थ कुटुंब पोसता येते असा नव्हे. दोघेही शिक्षक असून दोघांसही काम मिळाले तर संसार चालतो. एकाच्याच पगारावर चाललेला संसार तेथे फार लवकर कोणाच्या तरी खोलीत अर्धा वाटा घेऊन राहू लागतो, आणि मग रमाबाईंना वाँटेजला जे सोसावे लागले त्याचे लहान रूप त्या घरात सुरू होते. कोणाचे मूल किती मोठ्याने हसले ह्याचाही हिशेब होतो.

म्हणून माझी विनंती आहे की निघण्यापूर्वी पतिपत्नींनी एकत्र बसून कागदावर मांडणी करावी. पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च, परतीची तिकिटे, आणि निदान तीन महिन्यांचे अन्नभाडे, एवढे कर्जाविना जमा नसेल तर कुटुंब नेऊ नये, एकट्याने जावे. शेत गहाण टाकून तर मुळीच जाऊ नये. आमच्या खानदेशात कपाशीने दगा दिला तरी जमीन जाग्यावर राहते. परदेशातील कराराचा कागद वर्षादोन वर्षांनी संपतो. दलालाविषयी दोन शब्द. १९८३ च्या देशांतर कायद्याखाली नोंदलेल्या दलालासच नोकरीसाठी माणसे पाठविता येतात, आणि त्याने घ्यावयाच्या मोबदल्याची मर्यादा तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढीच ठरलेली आहे. नोंदणी क्रमांक सरकारी यादीत ताडून पाहता येतो. लाखांची गोष्ट बोलणारा, पर्यटनाच्या व्हिसावर 'आधी तर चला' म्हणणारा मनुष्य दाराशी आला तर त्यास चहा द्या आणि निरोप द्या. आपल्या जवळपासच्या एका गावातील एक शिक्षक दांपत्य अशा दलालाच्या शब्दावर दोन लहान मुलांसह गेले. शाळा होती, जागा नव्हती. पाच आठवड्यांनी ती मंडळी परत आली तेव्हा बाईंच्या अंगावर मंगळसूत्राखेरीज सोने नव्हते. त्यांची नावे मी सांगणार नाही. त्यांनीच मला सांगितले की ही गोष्ट सभेत सांगा.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण ह्या कामी माझा व कार्यालयाचा आपणांस प्रत्यक्ष उपयोग होईल. भारत २००५ मध्ये हेग येथील करारात सामील झाल्यापासून त्या करारातील देशांसाठी आपल्या परराष्ट्र खात्याचा एक शिक्का पुरतो. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या वकिलातीचेही साक्षांकन लागते. पदवी, बी.एड., जन्म व विवाह ह्यांचे दाखले त्याप्रमाणे आधी सिद्ध करावेत. विवाह आपल्या देवळात झाला असला तरी परदेशी कामासाठी देवळाचा दाखला पुष्कळदा पुरेसा धरीत नाहीत. सरकारी निबंधकाकडील नोंदीचा उतारा लागतो. ज्यांनी तो काढलेला नाही त्यांनी प्रवास ठरो वा न ठरो, आताच काढावा. नावाची अक्षरे सर्व कागदांवर एकसारखी आहेत की नाहीत तेही पाहावे; आमच्या जुन्या नोंदवहीत एकाच घराण्याचे आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे. बाप्तिस्मा व दृढीकरण ह्यांचे उतारे मुलांच्या पुढील संस्कारांसाठी तिकडील धर्मगुरू मागतात, म्हणून तेही बरोबर न्यावेत. निघण्याच्या आदल्या दिवशी रात्री दहा वाजता न येता महिनाभर आधी आलात तर कार्यालयातील मंडळी आपले कल्याण चिंतितील. उतारे सोमवार सोडून रोज सकाळी नऊ ते बारा ह्या वेळात मिळतात.